नाजूक म्हणजे काय? : न्हावा-शेवा परिसरातील निसर्गछायाचित्रणाची सौंदर्यदृष्टी

प्रास्ताविक

न्हावा आणि शेवा ही मुळात उरण तालुक्यातील दोन गावांची नावे. २६ मे १९८९ रोजी जवाहरलाल नेहरू बंदर कार्यान्वित झाले आणि ही दोन नावे एका जोडशब्दात बांधली जाऊन जगभरच्या मालवाहतुकीच्या कागदपत्रांवर पोहोचली. आज हा परिसर कंटेनर, अवजड वाहने, साठवणुकीची गोदामे आणि १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेल्या शिवडी-न्हावा शेवा सागरी सेतूसाठी ओळखला जातो. तथापि गेल्या दोन दशकांत या भूभागाची आणखी एक ओळख निर्माण झाली आहे. रविवारी पहाटे लांब भिंगांचे कॅमेरे खांद्यावर घेऊन पाणजे, भेंडखळ, बेलपाडा या पाणथळ जागांच्या बांधांवर येणाऱ्या छायाचित्रकारांनी ती घडविली आहे. त्यांच्या दृष्टीने न्हावा-शेवा म्हणजे रोहित पक्ष्यांचा गुलाबी थवा, शेकाट्याचे तांबूस लांब पाय, चित्रबलाकाच्या पंखांवरील नक्षी आणि गवताच्या पात्यावर टेकलेला चतुर.

ही छायाचित्रे आता दिनदर्शिका, शुभेच्छापत्रे, स्थानिक वृत्तपत्रांच्या पुरवण्या आणि महाविद्यालयांतील प्रदर्शने अशा सर्वत्र दिसतात. त्यांचे कौतुक बहुधा एकाच विशेषणाने केले जाते : नाजूक. प्रस्तुत लेखात कोणा एका छायाचित्रकाराचे मूल्यमापन करण्याचा हेतू नाही. या छायाचित्रांचा जो एक साचा तयार झाला आहे, त्यामागील सौंदर्यविषयक धारणा तपासणे हा या लेखाचा विषय आहे. मराठी समीक्षेने चित्रपटाची, नाटकाची, काही अंशी चित्रकलेचीही दखल घेतली. निसर्गछायाचित्रण मात्र छंदाच्या सदरात टाकून दिले. परिणामी, लाखो लोक ज्या प्रतिमांतून आपल्या परिसराचा निसर्ग पाहतात त्या प्रतिमांविषयी आपल्याजवळ 'सुंदर' आणि 'अप्रतिम' यांपलीकडे भाषा नाही.

साच्याचे स्वरूप

प्रथम या छायाचित्राचे वर्णन करणे आवश्यक आहे, कारण समीक्षेची सुरुवात वर्णनापासून होते आणि नेमका तोच भाग आपण वगळतो. चौकटीच्या मध्याच्या किंचित डावीकडे वा उजवीकडे एक किंवा दोन पक्षी. खाली स्थिर पाणी, त्यात उलटे प्रतिबिंब. प्रकाश सकाळच्या पहिल्या तासाभरातला. मागे काहीच नाही. हे 'काहीच नाही' फार महत्त्वाचे आहे. तेथे फिकट निळा, करडा, कधी मोतिया असा एक सपाट रंग पसरलेला असतो. पक्ष्याच्या पिसाची प्रत्येक कड स्पष्ट आणि उर्वरित जग विरघळलेले.

हे विरघळणे निसर्गतः घडत नाही. चारशे ते सहाशे मिलिमीटर केंद्रांतराचे भिंग पूर्ण उघड्या छिद्रासह वापरले असता स्पष्टतेची खोली काही इंचांवर येते. पक्ष्याच्या मागे काही अंतरावर असलेली कोणतीही वस्तू आपली कडा गमावते आणि निव्वळ रंग बनते. पाणजे येथील बांधावरून एका दिशेस बंदराच्या क्रेन दिसतात, दुसऱ्या दिशेस विजेचे मनोरे, मध्ये भरावाची माती. छायाचित्रातील तो मोहक निळसर पट्टा म्हणजे पुष्कळदा क्रेनच असते. पुसलेली नव्हे, विरघळविलेली. आपण ज्याला रिकामे अवकाश समजून डोळे निववितो, ते देशातील सर्वांत मोठ्या कंटेनर बंदरांपैकी एक असते.

दुसरी बाब काळाची. ठाणे खाडीतील चिखलपट्टे भरतीच्या वेळी पाण्याखाली जातात आणि तेथे चरणारे पक्षी विसाव्यासाठी उथळ पाण्याच्या जागा शोधतात. नेरुळची तळी आणि पाणजे या अशा विसाव्याच्या जागा आहेत. त्यामुळे छायाचित्रकार भरतीचे वेळापत्रक पाहूनच घर सोडतो. या किनाऱ्यावरील आगरी-कोळी समाज हीच वेळ तिथीवरून काढत आला आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते : अष्टमीस सहाच्या सुमारास, पौर्णिमा-अमावास्येस सव्वाअकराच्या सुमारास. म्हणजे छायाचित्रकार आणि मासेमार एकाच गणितावर उभे असतात. परंतु तयार झालेल्या छायाचित्रात भरती कोठेही नसते. पाणी तेथे नेहमीच होते आणि नेहमीच राहील, असा त्या प्रतिमेचा स्वर असतो.

नाजूकपणा आणि सत्ता

एडमंड बर्क याने १७५७ मध्ये उदात्त आणि सुंदर यांची जी फारकत केली ती आपल्या पदव्युत्तर वर्गांत दरवर्षी शिकविली जाते. लहानपणा, गुळगुळीतपणा, सौम्य रंग आणि नाजूकपणा ही त्याच्या मते सुंदराची लक्षणे. विशालता, सामर्थ्य आणि भय ही उदात्ताची. शिकविताना आपण ही दोन याद्यांप्रमाणे फळ्यावर लिहितो. बर्कच्या विवेचनातील अधिक अस्वस्थ करणारा धागा मात्र बहुधा सुटतो. जे आपल्यापेक्षा बलवान आहे त्यापुढे आपण नमतो आणि जे आपल्यापुढे नमते त्यावर आपण प्रेम करतो, असे तो सुचवितो. नाजूक म्हणणे हे त्या अर्थी निव्वळ वर्णन नाही. ते नात्याचे निदान आहे. ज्याला मी नाजूक म्हणतो त्याच्यापेक्षा मी बलवान आहे, हे त्यात गृहीत असते.

न्हावा-शेवा येथे ही फारकत जणू जमिनीवर आखून दाखविली आहे. एका बाजूस बंदर : अवाढव्य, अहोरात्र प्रकाशमान, माणसाला ठेंगणे करणारे. दुसऱ्या बाजूस चिखल आणि त्यातील टीचभर जीवन. बंदराची छायाचित्रे वार्षिक अहवालांत उदात्ताच्या शैलीत छापली जातात, पक्ष्यांची दिनदर्शिकेत सुंदराच्या शैलीत. या दोन शैली एकमेकींच्या वाटेत येत नाहीत. हीच सोय आहे. दोन्ही एकाच चौकटीत आल्या तर त्यांतील नाते विचारावे लागेल.

शिवाय ज्याला आपण नाजूक म्हणतो ते खरोखर नाजूक आहे काय? लहान रोहित पक्षी ज्या क्षारयुक्त पाण्यात चरतो त्या पाण्यात फार थोडे जीव तग धरतात. कच्छच्या रणासारख्या ओसाड प्रदेशात तो वीण घालतो आणि शेकडो किलोमीटर उडून या खाडीत येतो. तिवराचे झाड प्राणवायूशून्य चिखलात मुळे रोवते आणि श्वसनमुळे वर काढून हवा घेते. मीठ पानांवाटे बाहेर टाकते. निवटीसारखा मासा पाण्याबाहेर चिखलावर चालतो. (निवटीचे डोळे टिपणारी छायाचित्रे सध्या फार लोकप्रिय आहेत. ज्या घरांत निवटीचे कालवण होते तेथे तिच्या डोळ्यांचे इतके अप्रूप नसते, हे जाता जाता नोंदविण्यास हरकत नाही.) हे सारे जीव चिवट आहेत. नाजूक आहे ती त्यांना धरून ठेवणारी व्यवस्था : बांधातील उघाडी, तीतून दिवसातून दोनदा आत येणारे आणि बाहेर जाणारे पाणी, मिठागराचा उतार, खाजणाची पातळी. एखादी नळी बुजली, एखाद्या नाल्यावर भराव पडला की काही आठवड्यांत तळे तडकलेल्या मातीचे होते. पाणजे येथे भरतीच्या पाण्याचे मार्ग अडविले जात असल्याच्या तक्रारी पर्यावरणवादी कार्यकर्त्यांनी वारंवार केल्या आहेत. २०२४ मध्ये नेरुळच्या तळ्यापाशी रोहित मृतावस्थेत आढळले तेव्हाही चर्चा पक्ष्यांइतकीच बंद झालेल्या जलमार्गांची होती.

आपल्या छायाचित्रांनी नाजूकपणा चुकीच्या ठिकाणी शोधला आहे, असे माझे म्हणणे आहे. तो पिसात शोधला. तो पाण्याच्या वाटेत होता.

गुलाबी रंगाविषयीही असेच. रोहिताचा रंग त्याच्या आहारातील कॅरोटिनॉइड द्रव्यांतून येतो. १९९०च्या दशकापासून मुंबईच्या खाड्यांत हे पक्षी मोठ्या संख्येने येऊ लागले आणि २०१९च्या सुमारास त्यांची संख्या लाखावर गेल्याचे सांगितले गेले. महानगराच्या सांडपाण्यातील पोषकद्रव्यांवर वाढणारे शेवाळ हे त्याचे एक कारण अभ्यासक देतात. म्हणजे ज्या रंगात आपण शहरापासून दूर असलेला निर्मळ निसर्ग पाहतो, त्या रंगाचा काही अंश शहराच्याच गटारांतून आलेला आहे. याने रंगाचे सौंदर्य उणावत नाही. परंतु 'निर्मळ' हे विशेषण तपासून घ्यावे लागते.

मराठी सौंदर्यविचाराचा संदर्भ

यावर एक आक्षेप अपेक्षित आहे. सौंदर्यानुभव निर्हेतुक असतो, ही कांटची १७९० मधील भूमिका मानली तर चौकटीबाहेरील बंदर, भराव, तक्रारी यांचा प्रश्नच उद्भवत नाही. छायाचित्र स्वयंपूर्ण आहे; पक्ष्याची वक्र मान आणि प्रतिबिंबाची वक्र रेषा यांतील संवाद पाहावा आणि थांबावे. मराठीत या भूमिकेचा सर्वांत समर्थ पुरस्कार बा. सी. मर्ढेकर यांच्या 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) या ग्रंथात आढळतो. त्यांनी लयीचे संवाद, विरोध आणि समतोल असे नियम मांडले. आक्षेप गंभीर आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही.

परंतु मर्ढेकरांच्याच कसोटीने हा साचा तपासला तर काय दिसते? त्यात संवादलय भरपूर आहे : बाक आणि बाकाचे प्रतिबिंब, गुलाबी आणि फिकट निळा. समतोलही आहे. विरोधलय जवळजवळ नाही. मागची क्रेन धूसर न करता ठेवली असती तर रोहिताच्या मानेच्या बाकाला तिच्या काटकोनी लोखंडाने उत्तर दिले असते. लोखंडी क्रेनही वाकून काहीतरी उचलते आणि पक्षीही वाकूनच अन्न घेतो, असे एक विलक्षण रूपसाम्यही तेथे उपलब्ध होते. म्हणजे सामाजिक आशयाचा आग्रह न धरता, केवळ रूपाच्या पातळीवरही हा साचा गरीब आहे. मराठी कवितेत यंत्रयुगाचे कर्कश तपशील आणणारा कवीच लयसिद्धान्ताचा प्रवर्तक असावा, ही गोष्ट आपण विसरतो. त्याची उदाहरणे सोडून आपण सूत्रे तेवढी घेतली.

रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) या ग्रंथात सौंदर्यविचाराचे लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी असे दोन ध्रुव दाखविले आणि सौंदर्यसंकल्पना या दोन्हींकडे ओढली जाते, हे विस्ताराने मांडले. निसर्गछायाचित्रणाला हा विचार फार उपयुक्त आहे, कारण छायाचित्र हे माध्यमच मुळात दोन्ही ध्रुवांवर उभे असते. ते रचना आहे आणि त्याच वेळी ते एका विशिष्ट सकाळी एका विशिष्ट ठिकाणी पडलेल्या प्रकाशाची खूणही आहे. चित्रकार रिकामे आकाश काढतो तेव्हा तो काही लपवीत नाही. छायाचित्रकार तेच करतो तेव्हा तेथे काय होते हा प्रश्न विचारता येतो. हा प्रश्न सौंदर्यबाह्य नाही. माध्यमाच्या स्वरूपातूनच तो येतो.

येथे एक भेद केला पाहिजे. परिसरापासून वस्तू तोडणे हा स्वतःच दोष नव्हे. जर्मन छायाचित्रकार कार्ल ब्लॉसफेल्ट याने वनस्पतींचे कोंब, कळ्या, देठ तोडून साध्या पार्श्वभूमीवर ठेवले आणि अनेक पटींनी मोठे करून टिपले. १९२८ मध्ये त्याचे पुस्तक आले तेव्हा वॉल्टर बेंजामिनसारख्या समीक्षकाने त्याचे स्वागत केले. त्या प्रतिमांतील नेचाचा कोवळा कोंब लोखंडी जाळीकामासारखा भासतो. ब्लॉसफेल्टची पार्श्वभूमी कोरी आहे आणि ती कोरी केलेली आहे हे आपल्याला दिसते. काप उघड आहे. उरणच्या छायाचित्रांत काप लपविलेला असतो. धूसर बंदर धुके असल्याचा आव आणते. माझा आक्षेप एवढाच आहे.

पाहण्यासाठी लागणारा वेळ

याच जिल्ह्यातील किहीम येथे सलीम अली यांनी १९३०च्या पावसाळ्यात सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचे निरीक्षण केले. नर एकामागून एक घरटी बांधतो, मादी अर्धवट विणलेले घरटे पसंत करते आणि मगच ते पुरे होते, हा क्रम त्यांना दिवसेंदिवस बसल्यामुळे उमगला. सुगरणीचे घरटे हे नाजूक कारागिरीचे ठरीव उदाहरण; आपल्या पाठ्यपुस्तकांतही ते तसेच येते. सलीम अलींच्या नोंदींत मात्र ते सौदा, निवड, नकार आणि टाकून दिलेल्या अर्ध्या घरांची हकिगत म्हणून येते. सौंदर्य कमी झाले नाही, त्याला काळ मिळाला.

मराठी निसर्गलेखनाने हा काळ सांभाळला आहे. दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र' (१९५६) महिन्यांच्या क्रमाने चालते, त्यामुळे त्यातील फूल फुलण्यापूर्वी आणि गळल्यानंतरही असते. व्यंकटेश माडगूळकरांचे 'नागझिरा' एका अरण्यातील मुक्कामातून आले. मारुती चितमपल्ली (१९३२-२०२५) यांनी वनखात्यातील उभ्या हयातीत आदिवासींकडून, पारध्यांकडून, जुन्या ग्रंथांतून पक्ष्यांची आणि वृक्षांची नावे गोळा केली. आमच्या परिसरातील छायाचित्रांखाली मात्र पक्ष्याचे इंग्रजी नाव, कॅमेऱ्याचे प्रारूप आणि भिंगाचे आकडे असतात. गावाचे नाव नसते. पाणजे, फुंडे, डोंगरी ही नावे त्या ओळीत आली असती तरी पुष्कळ काम झाले असते.

गावांची नावे येथे किरकोळ बाब नाही. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई-नवघर भागात जमिनीच्या मोबदल्यासाठी झालेल्या शेतकरी आंदोलनात पाच जण पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. बंदरासाठी शेवा कोळीवाडा उठला आणि तेथील कुटुंबांना उरणजवळ हनुमान कोळीवाडा येथे वसविण्यात आले. तेथील घरांना वाळवीने पोखरल्याची तक्रार पुढे अनेक वर्षे चालली. वाळवीचे पंख सूर्यप्रकाशात अत्यंत तलम दिसतात. कोणी सूक्ष्मछायाचित्रण करणारा त्यांचे उत्तम चित्र घेऊ शकेल.

पाहण्याच्या उतावळेपणाचा थेट उपद्रवही आहे. उडता थवा अधिक आकर्षक दिसतो म्हणून विसावलेल्या पक्ष्यांना टाळ्या वाजवून वा जवळ जाऊन उठविण्याचे प्रकार बांधावर पाहावयास मिळतात. भरतीच्या वेळचा विसावा हा पक्ष्यासाठी शक्ती राखण्याचा काळ असतो. जबाबदार छायाचित्रकार हे करीत नाहीत आणि करणाऱ्यांना टोकतात, हेही सांगितले पाहिजे. किंबहुना कोरड्या पडलेल्या तळ्यांची, बुजविलेल्या नाल्यांची छायाचित्रे तक्रार-अर्जांना जोडली जातात ती अनेकदा याच मंडळींनी काढलेली असतात. कांदळवनांविषयी मुंबई उच्च न्यायालयाचे २००५ आणि २०१८ मधील आदेश ज्या लढ्यांतून आले त्यांत प्रत्यक्ष जागेवरील नोंदींचे महत्त्व मोठे होते. प्रश्न असा की एकाच माणसाच्या संगणकावर ही दोन प्रकारची छायाचित्रे दोन वेगळ्या कप्प्यांत का राहतात? एक प्रदर्शनासाठी, दुसरे पुराव्यासाठी. पुराव्याच्या छायाचित्रात रचनेचा विचार नसतो आणि प्रदर्शनाच्या छायाचित्रात जागेचा.

एक स्वानुभव

दोन वर्षांपूर्वी विभागातील विद्यार्थ्यांसह मी पाणजे येथे गेलो होतो. सहकाऱ्याकडून आणलेला कॅमेरा होता. दीड तासात शंभरावर छायाचित्रे काढली आणि त्यांतील एक मला स्वतःलाच फार आवडले : एकटा शेकाट्या, उचललेला पाय, पायाखालून पसरलेली तीन वलये. उजव्या कडेला दिव्याचा खांब येत होता, तो मी संगणकावर कापून टाकला. विभागाच्या भित्तिपत्रकावर ते लावले. वर लिहिलेली सारी टीका त्या छायाचित्राला लागू आहे आणि ते काढताना मला यांपैकी काहीही सुचले नव्हते.

द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी, जी त्याच भागात राहते, छायाचित्रासमोर बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "सर, छान आलंय. पण हे पाणजे वाटत नाही." का, असे विचारले तेव्हा तिने साधा प्रश्न केला, "उघाडी कुठे आहे?" तिच्या आजोबांच्या वेळी उघाडीची राखण पाळीपाळीने होत असे, पाणी किती घ्यायचे आणि केव्हा सोडायचे यावरून भांडणेही होत, असे तिने पुढे सांगितले. मी तेथे दीड तास उभा होतो. ज्यावर उभा होतो तो बांध होता, एवढेही माझ्या लक्षात आले नव्हते.

पुढच्या आठवड्यात तिने मोबाइलवर काढलेले एक छायाचित्र आणून दिले. तांत्रिकदृष्ट्या ते सामान्य आहे. क्षितिज किंचित कललेले, प्रकाश दुपारचा. समोर उघाडीची चौकट, तिच्यात अडकलेली प्लास्टिकची पिशवी, मागे पाणी ओसरत असल्याने उघडा पडलेला चिखलाचा पट्टा, त्यावर दोन चिखल्या पक्षी इतके लहान की शोधावे लागतात, आणि सर्वांत मागे, स्पष्ट, बंदराच्या क्रेन. पक्षी सापडल्यानंतर नजर त्यांच्या पावलांच्या खुणांवरून उघाडीपर्यंत येते आणि तेथून पुन्हा क्रेनपर्यंत जाते. ही येरझार माझ्या छायाचित्रात नाही. त्यात नजर पक्ष्यावर बसते आणि तेथेच राहते.

दोन्ही छायाचित्रे भित्तिपत्रकावर शेजारीशेजारी लावली. त्या वर्षीच्या दिनदर्शिकेसाठी निवड करावयाची वेळ आली तेव्हा सर्वांनी, माझ्यासह, शेकाट्याचे छायाचित्र निवडले. दुसरे अजून विभागात आहे. त्यातील उघाडीच्या दगडावर त्या दिवशी पाणी कोठवर चढले होते याची ओली रेघ दिसते आणि पट्टी लावली तर ती मोजता येते.